'पाहिजे', 'लागतं' आणि 'माझं मी बघते' हे इंग्रजीत कसं बोलायचं: नवीन आलेल्यांसाठी

इंग्लंडात येऊन मला तिसरा आठवडा होता. अकाउंट्सचं काम. शीट बनवून मॅनेजरला पाठवली, तिचं उत्तर आलं, 'यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट द व्हॅट कॉलम.' शब्द न शब्द कळला मला. तुला वाटलं तर व्हॅटचा कॉलम परत बघ. मला काही वाटलं नाही, म्हणून मी बघितला नाही, आणि शीट तशीच क्लायंटला गेली. कॉलम चुकलेला होता. नंतर मला बोलावून घेतलं तेव्हाही कुणी आवाज चढवला नाही आणि खरं सांगायचं तर त्याचीच जास्त भीती वाटली, कारण सांगलीत शाळेपासून 'चुकलंय हे, परत कर' असंच ऐकायची सवय.

आता दहा वर्षं झाली इथे. दर वर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी पुण्याहून, नाशिकहून येतं आणि हीच ठेच त्याच ठिकाणी खातं. मस्ट, शुड, हॅव टू आपण आठवीत पाठ केलेलं असतं, चुकतो ते व्याकरणात नाही, वजनात. कुठला शब्द किती जड ते पुस्तकात नीट सांगत नाहीत, म्हणून हे लिहितेय. पुण्यात बसून ब्रिटिश क्लायंटशी बोलणाऱ्यांनाही उपयोग होईल.

काय काय लागेल

- एक छोटी वही. मोबाइलमधली नको, त्यात लिहिलेलं आपण परत कधी बघत नाही.
- तुम्ही स्वतः पाठवलेले गेल्या महिन्यातले ई-मेल.
- ब्रिटिश हायवे कोड, म्हणजे इथल्या रहदारीच्या नियमांचं पुस्तक. सरकारी वेबसाइटवर फुकट वाचता येतो. गाडी चालवायची नसली तरी वाचा, का ते पुढे सांगते.
- ज्याला 'मी हे कडक बोलले का गं?' असं विचारता येईल असा एक इथला माणूस. हा मिळायला वेळ लागतो, तोवर बाकीच्यावर भागवा.

१. आधी स्वतःचं मराठी वाक्य सोडवा

'मला उद्या डेंटिस्टकडे जायचंय' आणि 'मला गोव्याला जायचंय.' पहिल्यात नाइलाज, दुसऱ्यात हौस, पण क्रियापद तेच, 'जायचंय'. मराठीत ऐकणारा आपलं आपण समजून घेतो, दाढ उपटायला कोण हौसेने जातंय. इंग्रजीत मात्र तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं की वॉन्ट टू की हॅव टू. मी मॅनेजरला सांगितलं, 'आय वॉन्ट टू गो टू द डेंटिस्ट टुमॉरो', तर ती अगदी गोड आवाजात म्हणाली, 'कॅन इट वेट?' तिला वाटलं सहज दात दाखवायला चाललीय. गाल सुजला होता माझा, पण फोनवर सुजलेला गाल दिसत नाही ना.

तर पहिली सवय ही लावा की 'जायचंय, करायचंय, भेटायचंय' तोंडावर आलं की मनात विचारायचं, हौस की नाइलाज? नाइलाज असेल तर हॅव टू. आणि दुसरा प्रश्न, नाइलाज कुणी लादलाय? नियमाने, साहेबाने, परिस्थितीने की माझ्याच मनाने? पुढचा सगळा खेळ याच प्रश्नावर आहे.

जाता जाता एक गंमत. 'ऑट टू' मधला ऑट हा मुळात 'ओ' म्हणजे देणं असणं, या क्रियापदाचा जुना भूतकाळ आहे, आणि 'शाल'चाही जुन्या इंग्रजीतला अर्थ देणं असणं असाच होता. म्हणजे कर्तव्य म्हणजे कर्ज. आपल्याकडे वेगळं कुठे आहे, 'मी तुमचे शंभर रुपये देणं लागते' आणि 'मला जावं लागतं', दोन्हीकडे लागणंच. हे कळल्यापासून मला ऑट टू परका वाटेनासा झाला. बोलण्यात तो फारसा येत नाही, आला की 'खरं म्हणजे करायला हवं' असा सूर असतो, 'आय ऑट टू रिंग माय मदर' म्हणजे आईला फोन करायला हवा, मन खातंय.

२. मस्ट, हॅव टू, शुड यांची वजनं हायवे कोडमधून शिका

माझी खरी शिकवणी इथे झाली. भारतातल्या लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, पुढे इथलं काढावं लागतं, त्याच्या थिअरी टेस्टला पन्नास प्रश्न असतात आणि पास व्हायला त्रेचाळीस बरोबर यावे लागतात. त्यासाठी हायवे कोड घोकला. १९३१ सालापासून निघणारं हे पुस्तक, आणि त्यात मस्ट आणि मस्ट नॉट हे शब्द मोठ्या अक्षरात छापलेले असतात. तिथे मागे कायदा आहे, मोडलं तर गुन्हा. जिथे शुड आहे तिथे सल्ला. सीटबेल्ट लावणं मस्ट. सायकलवर हेल्मेट घालणं शुड, नाही घातलं तर पोलीस पकडत नाहीत. पण सल्ला म्हणजे सोडून द्यायचा असं नाही हं, अपघात झाला तर तुम्ही शुड पाळला नव्हता हे कोर्टात तुमच्या विरुद्ध वापरता येतं.

आयटीवाल्यांना हे वेगळ्या दारातून माहीत असेल. इंटरनेटचे नियम लिहिताना मस्ट, शुड, मे यांचा नेमका अर्थ काय धरायचा हे १९९७ च्या आरएफसी २११९ नावाच्या कागदात ठरवून दिलंय. मस्ट म्हणजे पर्यायच नाही, शुड म्हणजे सबळ कारण असेल तर बाजूला ठेवा पण परिणाम समजून उमजून, मे म्हणजे मर्जी. तिथेही घोळ झालाच, म्हणून २०१७ मध्ये आणखी एक कागद काढून सांगावं लागलं की हे अर्थ फक्त मोठ्या अक्षरातल्या शब्दांना.

म्हणजे लिखित नियमात मस्ट फार जड. आणि म्हणूनच रोजच्या बोलण्यात माणसं तो एकमेकांवर टाकत नाहीत. ब्रिटिश इंग्रजीचे १९६१ आणि १९९१ सालचे दहा-दहा लाख शब्दांचे नमुने अभ्यासकांनी शेजारी ठेवून मोजले, तर तीस वर्षांत मस्ट चांगलाच घटलेला आणि नीड टू वाढलेला निघाला. आपण मात्र शाळेतून मस्ट भरभरून घेऊन येतो. मी एका सहकारी बाईंना लिहिलं होतं, 'यू मस्ट सेंड मी द इनव्हॉइस बाय थर्सडे', तर त्या उठून माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच विचारलं, 'हॅव आय डन समथिंग राँग?' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बोलण्यात मस्ट येतो कुठे? तीन ठिकाणी:

- अंदाजात. 'यू मस्ट बी टायर्ड', दमला असशील. हा सगळ्यात जास्त ऐकू येतो. यात बंधन अजिबात नाही. याचा नकार मस्ट नॉटने सहसा करत नाहीत, 'दॅट कान्ट बी राइट' म्हणतात.
- आग्रहात. 'यू मस्ट ट्राय धिस केक.' हा आपला 'खाऊन बघच'.
- स्वतःला बजावताना. 'आय मस्ट रिमेंबर टू लॉक द शेड.'

आणि एक चौथा, फसवा. 'वी मस्ट हॅव यू राउंड फॉर डिनर.' हे आमंत्रण नाही! मी दोन शनिवार मोकळे ठेवले होते. तारीख-वेळ ठरली तरच आमंत्रण, नाहीतर ते आपलं 'या एकदा घरी'.

मस्टला भूतकाळ नाही हेही लक्षात ठेवा. काल जावं लागलं म्हणजे 'आय हॅड टू गो.' 'मस्ट हॅव गॉन' म्हणजे 'गेला असणार', तो परत अंदाजच. उच्चाराचं म्हणाल तर हॅव टू कानाला 'हॅफ्टू' ऐकू येतं, हॅव गॉट टू चं 'गॉटा' होतं. ओळखायला शिका, स्वतः उगीच गॉटा-गॉटा करत सुटू नका, आपल्या तोंडी ते उसनं वाटतं.

३. नकार लावताना थांबा, इथे सगळे पडतात

होकारात मस्ट आणि हॅव टू भाऊ-भाऊ, नकारात एकदम वैरी.

'यू मस्ट नॉट कम टुमॉरो' म्हणजे उद्या यायचं नाही, पाय ठेवायचा नाही. 'यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो' म्हणजे उद्या नाही आलात तरी चालेल. आपल्याकडे 'उद्या यायला नको' हे एकच वाक्य आवाजाच्या चढउतारावर दोन्ही अर्थांनी चालतं, म्हणून घोटाळा. माझी युक्ती सोपी आहे, मराठी वाक्याच्या शेवटी 'तरी चालेल' लावून बघा. लागतंय? मग डोन्ट हॅव टू. नाही लागत? मग मस्ट नॉट, आणि खरं तर तोही नको, 'प्लीज डोन्ट' किंवा नियमाची गोष्ट असेल तर 'यू आर नॉट अलाउड टू'.

दोन अपवाद. 'यू डोन्ट हॅव टू शाउट' यात ओरडायची सवलत दिलेली नाही, गप बस म्हणताहेत. आणि भेटवस्तू दिल्यावर 'यू शुडन्ट हॅव!' म्हणाले तर रागावलेले नाहीत, ते आपलं 'कशाला उगीच' आहे. घाबरून भेट परत घेऊ नका.

४. हुकूम ओळखा, तो हुकमाच्या कपड्यात येत नाही

वहीचं पहिलं पान यासाठी ठेवा. डाव्या बाजूला ऐकलेलं वाक्य, उजव्या बाजूला खरा अर्थ. माझ्या वहीतलं थोडं देते:

- 'यू माइट वॉन्ट टू...' : कर. आज.
- 'इट माइट बी वर्थ चेकिंग...' : चुकलंय, तपास.
- 'यूल नीड टू...' : हे करावंच लागेल, पण मी लादत नाहीये, परिस्थिती लादतेय असं दाखवतेय.
- 'कुड यू पॉसिब्ली...' : जरा मोठं काम सांगतेय, नाही म्हणायची सोय कागदावर आहे.
- 'व्हेनेव्हर यू गेट अ मिनिट' : हे माणूस बघून. साहेब असेल तर दुपारपर्यंत.
- 'आय वंडर इफ वी शुड...' : माझं ठरलंय.

बघा, शब्द जितका मऊ तितका तो वरच्या माणसाकडून आलेला असण्याची शक्यता जास्त. नीड टू ची हुशारी मला फार आवडते, 'यू नीड टू फिल इन धिस फॉर्म' यात सांगणारा नामानिराळा, जणू गरज तुमचीच आहे. काउंटरपलीकडची माणसं हेच वापरतात. तुम्हीही सहकाऱ्याला सांगताना मस्टऐवजी हे वापरू शकता, पण वरच्याला सांगताना नको, तिथे 'कुड यू' बरं.

आणि आपलं 'काइंडली डू द नीडफुल'. हा वाक्प्रचार एकेकाळी इथलाच, आता इथे जवळजवळ मेलाय, आपण सांभाळून ठेवलाय. चूक नाही, पण वाचणाऱ्याला 'नक्की काय करू?' हे कळत नाही. काय हवंय ते लिहा. 'यू शाल' सुद्धा माणसाला लिहू नका, तो करारनाम्यातला शब्द, आणि तिथेही बाजूला सारला जातोय, अमेरिकेच्या फेडरल कोर्टांच्या दिवाणी नियमांत २००७ साली शाल काढून बहुतेक ठिकाणी मस्ट घातला, कारण शालचा अर्थ नक्की काय यावरच वाद व्हायचे.

५. सपोज्ड टू, शुड हॅव, हॅड बेटर

थोडक्यात उरकते. 'आय ॲम सपोज्ड टू बी ऑन अ डाएट' म्हणजे नियम आहे आणि हातात बिस्किट आहे. भूतकाळात तर नक्कीच, 'ही वॉज सपोज्ड टू कॉल' म्हणजे केला नाही त्याने फोन. म्हणून साहेबाला 'यू वर सपोज्ड टू साइन धिस' म्हणू नका, तो ठपका होतो.

'शुड हॅव' म्हणजे करायला हवं होतं, केलं नाही. ऐकताना 'शुडव' असं येतं, इथली शिकलेली माणसंसुद्धा लिहिताना तिथे 'ऑफ' लिहितात, त्यांचं बघून तुम्ही लिहू नका.

'हॅड बेटर' मधल्या बेटरवर जाऊ नका. आपल्याला वाटतं 'हे केलंस तर जास्त बरं', पण त्याच्या मागे 'नाहीतर बघ' उभं असतं. स्वतःबद्दल चालतं, 'आयड बेटर गो', निघायला हवं नाहीतर बस जाईल. दुसऱ्याला, त्यातून मोठ्या माणसाला, 'यू बेटर कम ऑन टाइम' म्हणजे धमकी. मी घरमालकाला म्हणाले होते. बिचारा वेळेवर आला, पण चहा नको म्हणाला.

६. स्वतः केलं की करून घेतलं, ते सांगा

आता दुसरा भाग, आपलं आपण करण्याचा. इथे एक खड्डा आहे तो कुठल्या पुस्तकात मला सापडला नाही.

आपण म्हणतो 'मी केस कापले', 'मी गाडी दुरुस्त केली', 'आम्ही किचन नवीन केलं'. कात्री न्हाव्याच्या हातात, पाना मेकॅनिकच्या हातात, पण क्रिया आपली, पैसे आपण दिले ना! इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की तुम्ही आरशासमोर कात्री घेऊन उभ्या. मी ऑफिसात सांगून बसले, 'आय टाइल्ड माय किचन.' समोरचा गृहस्थ खुर्ची ओढून जवळ आला. कुठल्या कंपनीचं ग्राउट वापरलंस, कोपऱ्यातल्या टाइल्स कशाने कापल्यास, स्पेसर दोन मिलिमीटरचे की तीन? पाच मिनिटं मी मान हलवली, मग कबूल केलं की एक पोलिश मिस्त्री आला होता. त्याचा चेहरा असा पडला की विचारू नका, कारण इथे शनिवार-रविवारी बँकेतला माणूससुद्धा खरंच भिंतीला गिलावा करत असतो, त्याला वाटलं बिरादरीतलं कुणी भेटलं.

म्हणून: दुसऱ्याने केलं तर 'आय हॅड इट डन' किंवा 'आय गॉट इट डन'. 'आय हॅड माय हेअर कट', 'वी हॅड द किचन टाइल्ड'. आणि खरंच स्वतः केलं असेल तर शेवटी मायसेल्फ लावा, 'आय डिड इट मायसेल्फ', आणि कौतुक करून घ्या.

मायसेल्फची जागा ती. ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक तमुक' नको, 'आय ॲम' पुरे.

७. ऑन माय ओन, बाय मायसेल्फ, हेल्प युअरसेल्फ

'मी एकटी राहते' हे 'आय लिव्ह अलोन' म्हटलं तर चूक नाही, पण थोडं उदास लागतं. 'आय लिव्ह ऑन माय ओन' साधं. 'लोनली' म्हणजे एकटेपणा खातोय, ते वेगळंच. 'बाय मायसेल्फ' चे दोन अर्थ, सोबत कुणी नव्हतं किंवा मदत कुणाची नव्हती, संदर्भाने कळतं.

'मेक डू' म्हणजे आहे त्यात भागवणं. दुसऱ्या महायुद्धात इथे कपडे रेशनवर होते तेव्हा सरकारने १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' नावाची पत्रिका काढली होती, जुन्याला ठिगळ लावून वापरा म्हणून, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ते अजून आहे. 'फेंड फॉर युअरसेल्फ' म्हणजे ज्याचं त्याने बघावं. घरात ऐकलं तर आज स्वयंपाक नाही, फ्रिज उघडा. 'बूटस्ट्रॅप' धरून स्वतःला वर उचलणं आज कौतुकाने म्हणतात, पण आधी ती अशक्य गोष्टीची थट्टा होती, आपल्याच बुटाचे पट्टे ओढून कोण हवेत उठतंय? कॉम्प्युटर 'बूट' होतो तो शब्दही तिथूनच आला. 'सूट युअरसेल्फ' मात्र वरून सभ्य, आतून चिडका. आपलं 'कर काय करायचं ते'.

आणि 'हेल्प युअरसेल्फ'. आई आली होती सांगलीहून, शेजारणीने दोघींना चहाला बोलावलं. टेबलावर सगळं मांडलं आणि 'प्लीज, हेल्प युअरसेल्फ' म्हणून ती समोर बसली. आईने हात लावला नाही. एकदा विचारल्यावर कोण घेतं? दुसऱ्यांदा विचारतील मग 'नको नको' म्हणू, तिसऱ्यांदा घेऊ. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. घरी येऊन आई भात लावत म्हणाली, 'बाई चांगली आहे, पण वाढायची रीत नाही.' इकडे शेजारीण मला विचारत होती, आईला केक आवडत नाही का. त्यांच्या हिशेबी घरातलं ताट तुमच्या हाती सोपवणं हाच मान. तेव्हा एकदा म्हटलं की घ्या. आणि तुम्ही 'नो, थँक यू' म्हणालात तर ते नाहीच धरलं जाईल, उपाशी राहाल.

८. मदत मागणं आणि नाकारणं

इथे गृहीत असं की तुमचं तुम्ही बघताय. बघत नसाल तर तोंडाने सांगायचं, चेहऱ्यावरून कुणी ओळखणार नाही, आणि हा रूक्षपणा नाही, तुमच्या कामात नाक खुपसू नये म्हणून.

मागायला: 'कुड यू गिव्ह मी अ हँड विथ धिस?' नाकारायला: 'आयल मॅनेज, थँक्स' किंवा 'आय कॅन मॅनेज', ट्रेनमध्ये बॅग चढवताना वगैरे. नुसतं 'नो' नको. ऑफिसात एखादी गोष्ट अंगावर घेतलीत तर 'लीव्ह इट विथ मी', हे वाक्य सोन्यासारखं आहे, 'माझ्यावर सोडा' तंतोतंत. पण म्हटलंत की ते तुमच्या नावावर चढलं, कुणी आठवण करणार नाही, थेट शुक्रवारी विचारतील.

आणि मदत देऊ करायला आपलं 'करू का?' आहे ना, त्याला 'शाल आय' अगदी बसतं. 'शाल आय पुट द केटल ऑन?' चहा ठेवू का? वर शालला शिव्या दिल्या त्यातून एवढा एक वगळा.

९. जुने ई-मेल उघडा

वही भरायला लागली की स्वतःच्या पाठवलेल्या ई-मेलमध्ये 'मस्ट' शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा, कायदा आहे का मागे? नसेल तर नीड टू, कुड यू, शुड यांतलं काय बसलं असतं ते शेजारी लिहा. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे. मी केलं तेव्हा पहिल्या एका महिन्यात 'यू मस्ट' अकरा वेळा सापडलं, त्यातलं एक तर थेट मॅनेजरला. इनव्हॉइसवाल्या बाई आता माझ्या चांगल्या मैत्रीण आहेत, त्यांना ते दाखवलं. खूप हसल्या आणि म्हणाल्या, 'वी मस्ट गेट धिस फ्रेम्ड.' यातला मस्ट वरच्या चारपैकी कुठला ते तुम्हीच ओळखा. फ्रेम अजून आलेली नाही.